लॉगमध्ये ५ नव्हता, ६ होता

ड्रोन उसात उतरला आणि तो सापडेपर्यंत अंधार पडला. शेतमालक काका टॉर्च घेऊन माझ्याबरोबर सरीसरीतून फिरले. "बंद पडलं का रं मशीन?" मलाही तेच कळत नव्हतं. रिमोटचा सिग्नल तुटला तर अर्डूपायलटने, म्हणजे ड्रोन आपोआप सांभाळणाऱ्या त्यातल्या सॉफ्टवेअरने, ड्रोन परत आणायला हवा होता. तसं सेटिंग मी स्वतः केलं होतं.

रात्री लॉग, म्हणजे ड्रोनने उड्डाणाची ठेवलेली नोंद, उघडला. रेडिओ फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावरची सुरक्षा, लागला की त्यात ५ क्रमांकाची एरर नोंदते. ती नव्हतीच. होती ती ६, म्हणजे बॅटरीची. आणि थ्रॉटलचा, म्हणजे मोटरचा जोर कमीजास्त करणाऱ्या स्टिकचा, आलेख शेवटची काही मिनिटं पट्टीने आखल्यासारखा सरळ. माणसाचा अंगठा स्टिकवर असताना अशी रेघ येत नाही.

सिग्नल गेल्यावर ड्रोनवरचा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे संकेत घेणारा भाग, गप्प बसत नव्हता, शेवटचेच आकडे पुन्हापुन्हा पाठवत होता. ऑटोपायलटच्या लेखी मी अजून उडवतच होतो! अल्टहोल्डमध्ये, म्हणजे फक्त उंची धरणाऱ्या मोडमध्ये, उंची धरून तो वाऱ्याबरोबर सरकत गेला. तीन सेलच्या बॅटरीचा व्होल्टेज १०.५च्या खाली दहा सेकंद राहिला, तेव्हा कुठे तो उतरला. खाली ऊस होता. वस्ती असती तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

दुरुस्ती तशी छोटी. थ्रॉटल पूर्ण खाली असताना रिसीव्हरकडून येणारा आकडा माझ्याकडे १००० दिसतो. सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने ९२० पाठवावा असं त्यात भरलं आणि अर्डूपायलटमध्ये मर्यादा ९५० ठेवली; आकडा त्याखाली गेला की सिग्नल तुटला असं ते धरतं. प्रॉप, म्हणजे पंखे, काढून रिमोट बंद केला, मिशन प्लॅनर या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर आकडा खाली पडताना पाहिला. हे पहिल्या उड्डाणाआधीच करायला हवं होतं. परतीची उंची मुळात १५ मीटर असते, पण माळाच्या कडेची निलगिरी त्याहून उंच, म्हणून ती ३० केली.

मग मोकळ्या माळावर, साठ पावलांवर ड्रोन नेऊन रिमोट मुद्दाम बंद केला. तो वर चढला, वळला, यायला लागला. वाटेतच मी रिमोट पुन्हा चालू केला, तरी स्टिकला दाद देईना. सिग्नल परत आला तरी तो आपणहून जुन्या मोडमध्ये जात नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. मोडचा स्विच हलवून परत जागेवर आणला, तेव्हा हातात आला. आता कुणाच्याही हाती रिमोट देण्याआधी हा स्विच त्याच्याकडून दोनदा हलवून घेतो.