काटा दोनशेवर, करंट ऐंशीच

मृग तोंडावर आला की दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात वेल्डिंगवाल्यांना जेवायला फुरसत नसते. कोणाची वखराची पास झिजलेली, कोणाचा कल्टिव्हेटरचा फण तडकलेला, आणि सगळ्यांना ते आजच पाहिजे. नेमक्या त्या दिवसांत एका खेड्यातल्या काकांचा फोन आला. मोटार रिवाइंडिंग आणि वेल्डिंग मशीनची दुरुस्ती हा माझा धंदा. त्यांचं मशीन त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचं, हँडलवालं, हवेवर थंड होणारं.

"भाऊ, बारा नंबरचा रॉड बरा चालते, दहा नंबरचा चिपकूनच राहते. माल वरच्यावर बसते, हातोडा मारला का पापुद्रा निघते. अमरावतीवाला म्हणे कॉइल कमजोर झाली, नवी भरा लागते. इकून टाकू काय?"

कॉइल कमजोर झाली, हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. तांब्याच्या तारेला म्हातारपण येत नाही. तिचे वेढे आपसात शॉर्ट झाले, तर रॉड न लावताही मशीन तापतं, वार्निश जळल्याचा वास सुटतो, फ्यूज उडतात. यातलं काहीच नव्हतं. मी त्यांना मशीन विकू नका म्हणालो आणि गाडी काढली.

मशीन थ्री फेजमधल्या दोन फेजवर चालणारं. आधी लाइन पाहिली: मोकळ्यावर 405 व्होल्ट, रॉड पेटल्यावर 390. गावाकडच्या डीपीच्या मानाने ही चांगली लाइन म्हणायची. लोड नसताना मशीन घेत होतं चार अँपिअरच्याही आत. होल्डरकडे 74 व्होल्ट, म्हणजे जसे हवेत तसेच. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवरही, कॉइल आणि बॉडी यांच्यात गळती नाही. अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेला होता, केबलचं थिंबल ढिलं होतं. ते घासून, आवळून घेतलं. थोडा फरक पडला. पण दहा नंबर चिकटायचा थांबला नाही.

मग टोंग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, केबलला अडकवला आणि काकांना सांगितलं, हँडल फिरवून मशीनवरचा करंटचा काटा शंभरवर ठेवा आणि रॉड चालवा. 80 अँपिअर. दीडशेवर ठेवा. 80. दोनशेवर. तरी 80! काका हेल्मेट वर करून माझ्याकडे पाहत राहिले. 3.15 मिलिमीटरच्या, म्हणजे दहा नंबरच्या रॉडला शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात. 80 वर त्याहून बारीक असलेला बारा नंबर सुखाने चालणार आणि दहा नंबर चिकटणार, हा हिशेब तिथेच जुळला. करंट कमी होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हँडल फिरवूनही तो जागचा हलत नव्हता.

मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले आणि झाकण उघडलं. या जातीच्या मशीनमध्ये दोन कॉइलच्या मधोमध लोखंडी पत्र्यांचा एक गठ्ठा असतो. हँडलच्या स्क्रूवर नट पुढेमागे सरकतो आणि एका पिनेने गठ्ठ्याला सोबत नेतो. गठ्ठा आत असला की बराच चुंबकीय प्रवाह त्याच्यातूनच परत फिरतो, रॉडकडच्या कॉइलपर्यंत, म्हणजे सेकंडरीपर्यंत, कमी पोचतो, म्हणून करंट कमी. बाहेर काढाल तसा वाढतो. इथे नट सरकत होता, नटावरचा काटाही सरकत होता, आणि गठ्ठा मात्र पूर्ण आत होता. पिन मधोमध तुटलेली. जुन्या ग्रीसमध्ये तिचा अर्धा तुकडा सापडला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, घासून गुळगुळीत, उरलेला पांढरा आणि खरबरीत. म्हणजे तडा जुना होता, शेवटचा झटका अलीकडचा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे गठ्ठ्यावरची ओढ सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. गठ्ठा ज्या मार्गावर सरकतो त्यातल्या पट्ट्या ढिल्या असल्या की तो थरथरतो आणि सगळा मार पिन खाते. शिवाय मशीन चालू असताना चुंबकत्व त्याला आतच ओढतं, तो आपणहून बाहेर यायचा नाही.

"संक्रांतीपासून मशीन लय घुमत होती," काका म्हणाले. तेव्हाच कोणी झाकण उघडलं असतं तर!

पिन तालुक्याच्या लेथवर करून आणली. मार्गावरचा गंज पॉलिश पेपरने काढला, पट्ट्या आवळल्या, उष्णता सहन करणारं ग्रीस लावलं. आता काटा शंभरवर तर टेस्टर 98, दीडशेवर 146. गुणगुण नेहमीची, घुमणं बंद.

एका ट्रॉलीचा हूक सकाळपासून अडकून पडला होता. काकांनी आठ नंबरचा रॉड लावून तो 165 अँपिअरवर भरला. स्लॅग, म्हणजे वेल्डवरचं कवच, झाडल्यावर कडेपर्यंत धातू एकजीव झालेला दिसला. पुढचा फण हातात घेत ते पोराला म्हणाले, "अमरावतीले फोन लाव. सांग, कॉइल नाही भरायची."