पेठ सहावी, दार दुसरं

इटलीत नेपल्सजवळ, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इ. स. ७९मध्ये गाडलं गेलेलं पॉम्पेई हे रोमन गाव. त्यातल्या घरांना पत्ते आहेत. जुसेप्पे फिओरेल्ली नावाच्या पुरातत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात या उकरलेल्या गावाचे नऊ भाग पाडले, प्रत्येक भागातल्या घरांच्या चौकोनांना आकडे दिले आणि शेवटी दारांनाही. त्यामुळे ६.१२.२ म्हणजे सहाव्या भागातल्या बाराव्या चौकोनाचं दुसरं दार. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पेठ सहावी म्हटलं की काम झालं.

हे पत्ते आधी सांगायचं कारण असं, की पॉम्पेईला जाणारे बरेचजण देऊळ किंवा किल्ला बघायला निघाल्यासारखे निघतात. तासाभरात प्रदक्षिणा, दोन फोटो, बाहेर. पण हे अख्खं गाव आहे. तटाच्या आतलं क्षेत्र ६६ हेक्टर, त्यातलं साधारण दोन तृतीयांश उकरलेलं. गाव एका दिवसात 'बघून होत' नाही; गावात कोणाकडे जायचं ते ठरवून जावं लागतं. म्हणून अधिकृत संकेतस्थळावरून नकाशा उतरवून घ्यावा आणि आदल्या रात्री त्यावर सात-आठ दारांवर खुणा कराव्यात. यादी थोडी लांब असलेली बरी, कारण सगळी घरं रोज उघडी नसतात. डागडुजी आणि पहारेकऱ्यांची संख्या बघून ती आलटूनपालटून उघडतात.

तिकिटाचं आता थोडं कडक झालं आहे. नोव्हेंबर २०२४पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा नाव पासपोर्टवर आहे तसंच घालावं. उन्हाळी मोसमात या वीस हजारांतली १५,००० तिकिटं दुपारी एकच्या आधीची असतात. साध्या तिकिटात तटाबाहेरचे बंगले येत नाहीत. त्यातला 'रहस्यांचा बंगला' लाल भिंतीवरच्या चित्रांसाठी बघण्यासारखा आहे, त्यासाठी मोठं तिकीट लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जाऊ नये.

नेपल्सहून जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना लोकल मुंबईकराला ओळखीची वाटेल. गर्दी तीच, खिसेकापूही तेच. सोरेंतोकडे जाणारीच गाडी पकडायची आणि 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' या स्टेशनावर उतरायचं. 'स्कावी' म्हणजे उत्खनन. नुसतं 'पॉम्पेई' लिहिलेली स्टेशनं वेगळ्या मार्गांवर आहेत आणि ती आजच्या गावात उतरवतात. गारिबाल्दी स्टेशनात गाडी भरूनच येते. बसायला जागा हवी तर एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला जाऊन चढावं. गाडी तिथूनच सुटते. पुढे ३५-४० मिनिटं.

सामानाची एक गोम आहे. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. दाराशी ती ठेवायची सोय आहे, पण पोर्ता मारीनाच्या दाराशी ठेवलेली पिशवी दुसऱ्या टोकाच्या अँफिथिएटरच्या दाराशी मिळणार नाही. पाय गळून गेल्यावर अख्खं गाव परत ओलांडायला लावणारी ही चूक आहे. पिशवी लहानच घ्यावी. आत टोपी आणि लिटरभराची बाटली, कारण सावली जवळजवळ नाही; पाणी मात्र रस्त्यावरच्या जुन्या हौदांना बसवलेल्या नळांतून भरून घेता येतं. बूट रबरी तळव्याचे. रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे, घासून गुळगुळीत झालेले. एक सर पडली की त्यावर भले भले घसरतात. बाबागाडी तर चालतच नाही.

सकाळी दहा ते एक सगळ्या सहली फोरममध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, तुंबलेल्या असतात. नऊच्या ठोक्याला आत शिरून फोरम नुसता ओलांडावा आणि उत्तरेला सहाव्या पेठेत जावं. तिथे ६.१५.१ म्हणजे व्हेत्ती यांचं घर, वीसेक वर्षांच्या डागडुजीनंतर २०२३मध्ये उघडलेलं. ६.१२.२ हे फॉनचं घर, तीन हजार चौरस मीटरचं. अलेक्झांडरचं मोझेक तिथे शोधाल तर नक्कल दिसेल. अस्सल नेपल्सच्या संग्रहालयात. जवळच एका उंबऱ्याशी काळा कुत्रा आणि 'कावे कानेम' ही अक्षरं. कुत्र्यापासून सावध रहा! पाटी लावायची हौस जुनी आहे.

खरी मजा मात्र खाली बघण्यात आहे. लोक खांबांकडे बघत चालतात आणि दुकानांचे उंबरे चुकवतात. या उंबऱ्यांत लांबलचक खाच असते आणि एका टोकाला दाराच्या कुसवाचं भोक. खाचेत उभ्या फळ्या एकेक सरकवत आणायच्या, शेवटची फळी म्हणजे दार. आपल्या जुन्या पेठांत वाणी रात्री फळ्या लावायचा ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा दगड वाचायला फलक लागत नाही. रस्त्यात मधोमध उंच दगड दिसतात ते सांडपाण्यात पाय न बुडवता पलीकडे जाण्यासाठी. दोन दगडांमधल्या फटींतून गाडीची चाकं जायची, आणि त्या चाकोऱ्या अजून आहेत. भटारखान्यांत पुरुषभर उंचीची जाती आहेत. खाली शंकू, वर डमरूसारखा पोकळ दगड, त्याच्या चौकोनी भोकांत लाकूड घालून गाढव जुंपायचं. घराचा मधला चौक, वर आभाळ, खाली पावसाच्या पाण्याची उथळ कुंडी. वाडा आठवतोच.

तिथून अबोन्दान्त्सा रस्त्याने पूर्वेला उतरत जावं, दुपारपर्यंत अँफिथिएटर येतं. इ. स. पू. ७०च्या सुमाराचं, वीसेक हजार माणसांचं. वाटेत 'पळणाऱ्यांची बाग' आहे. राखेत देह कुजून राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची युक्ती फिओरेल्लींनीच १८६३मध्ये काढली; त्या पद्धतीने घडलेली तेरा माणसं इथे पडली तशी आहेत. इथे कॅमेरा खिशात ठेवावा असं आमचं मत आहे.

उन्हाचा त्रास होणारे, वयस्कर मंडळी किंवा एकच अर्धा दिवस हातात असणारे यांनी सरळ शेजारच्या, तसंच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमला जावं. तीच लोकल, एर्कोलानो स्कावी स्टेशन, पुढे दहा मिनिटं उतार. गाव लहान आहे आणि चिखलासारख्या तप्त राखेखाली खोल गाडलं गेल्याने तिथे लाकूडसुद्धा टिकलं आहे. माळे, तुळया, सरकती दारं.

नेपल्सच्या संग्रहालयासाठी वेगळा दिवस ठेवावा. मंगळवार नको, ते बंद असतं. मराठी माणसाला तिथे एक भेट बाकी असते. हस्तिदंताची, वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली बाई, १९३८मध्ये अबोन्दान्त्सा रस्त्यालगतच्या घरात सापडलेली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण लक्ष्मी नसून यक्षी असावी असं बरेच जाणकार मानतात. डोक्यावर भोक आहे, तेव्हा आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय असेल. तिच्या जवळच्या नात्यातल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला निघाल्या आहेत. ती मुख्य दालनांत दिसत नाही, 'गुप्त दालना'त ठेवतात. कधी प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जाते, म्हणून आधी विचारून घ्यावं. आणि पॉम्पेईत तिच्या दारावरून जायचं असेल तर पत्ता १.८.५.