हुशार पोट्ट्याचे बदाम

नागभीडच्या बसस्टँडवर भर दुपारी ब्रह्मपुरीची गाडी येईना, म्हणून समोरचा फ्लेक्स वाचत बसले. शिकवणी वर्गाचा. वर 'गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन', खाली टक्क्यांसकट पासपोर्ट फोटोंची रांग, सगळी पोट्टी श्वास रोखल्यासारखी ताठ. आणि कोपऱ्यात जीभ बाहेर काढलेला आईनस्टाईन. १९५१ साली, बहात्तराव्या वाढदिवशी, फोटोग्राफरांनी 'हसा, हसा' म्हणून पिच्छा पुरवला तेव्हा त्यानं जीभ दाखवली, आणि तीच जगभर बुद्धीची खूण होऊन बसली. फ्लेक्सवरच्या एखाद्यानं फोटोच्या वेळी हे केलं असतं, तर स्टुडिओतच कानाखाली बसली असती.

आमच्या घरी हुशार म्हणजे दादा. तो चौथीत असताना गुरुजी बाबांना म्हणाले, "पोट्ट्यात दम आहे जी, याले वावरात नका नेऊ." झालं! रोज रात्री वाटीत बदाम भिजू लागले. सकाळी आई अंगठ्यानं दाबून साल काढायची. पांढरा बदाम दादाच्या हातावर, साल माझ्या. मी ती चघळायची. तुरट लागते, पण वाईट नाही. धानाच्या रोवण्यात आम्ही सगळे चिखलात, हा ओसरीवर पुस्तक घेऊन. एकदा त्याला बैलं पाण्यावर न्यायला सांगितलं, तर विसरला. आजी कौतुकानं म्हणाली, "हुशार मानसाचं असंच रायते." पुढच्या आठवड्यात मी विसरले, तेव्हा त्याच आजीनं माझं ध्यान कुठं चरायला गेलं ते सगळ्या आळीला ऐकवलं.

म्हणजे हुशार कोण ते आधी ठरतं, खुणा मागून गोळा होतात. शिकलेल्यांचंही तेच. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२१ पासून कॅलिफोर्नियातली असामान्य बुद्धीची पोरं चाचण्या घेऊन निवडली. शॉकली आणि अल्वारेझ ही दोन पोरं त्यात बसली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कुणालाच नाही.

इतक्या लांब तरी कशाला? याच नागभीड तालुक्यात नांदेड म्हणून गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, आमचं. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ च्या सुमारास 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबा वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, असं वर्षानुवर्षं. कापणीच्या घाईत विळा थांबवून लोंब निरखत बसणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते इथं लिहीत नाही. त्यातून निघालेलं बारीक तांदळाचं वाण बाजारात गेलं, तेव्हा त्याला नाव मिळालं ते त्या काळी चलतीत असलेल्या मनगटी घड्याळाचं. एचएमटी. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत दादाजी झळकले, तेव्हा आसपासच्या गावांनाही ते हुशार वाटू लागले. २०१८ साली ते गेले. एचएमटीचा भात अजून रोज शिजतो, पण तो वाढताना त्यांचं नाव काढणारं घर मी पाहिलं नाही. आमचंही नाही.

आमच्या दादाचं विचाराल, तर तो अकरावीला नागपूरला गेला. तिथं प्रत्येक बाकावर कुठल्या ना कुठल्या गावचा हुशार बसलेला. बारावीला मार्क बेताचेच पडले. घरात कुणी काही बोललं नाही, फक्त बदाम बंद झाले. आता जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करतो, बरं चाललंय.

मागे एकदा जुन्या रोवण्यांच्या गोष्टी निघाल्या, तर एकदम म्हणाला, "ओसरीवर मी काई वाचत नव्हतो वो. तुमचे गाने आयकू याचे. मलेबी याचं होतं बांधीत, पन कोनी बोलावलंच नाई."

यावर मी काय बोलणार? चहा ठेवू का विचारलं. ठेव म्हणाला.