दिवाळी नसल्याचं कार्ड

पितृपक्षात आमची प्रेस झोपलेली असते. लग्नपत्रिका नाहीत, वास्तुशांत नाही, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन नाही. बेळगावात खडे बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं एका मिनी ऑफसेटचं दुकान. त्या पंधरवड्यात आम्ही बिलबुकं छापतो आणि मशीनला तेल घालतो. अशाच एका दुपारी खानापूरकडच्या एक काकू आल्या. साठी ओलांडलेल्या, हातात कापडी पिशवी. "दिवाळीची कार्डं करायची आहेत. दोनशे."

मी शिवकाशीचा अल्बम पुढे सरकवला. पणत्या, कंदील, सोनेरी फॉइल. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"तसली नकोत. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, असं सांगणारी हवीत."

इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण अशी ऑर्डर कधी आली नव्हती. त्यांचे यजमान हायस्कुलात मास्तर होते, आषाढात गेले. निपाणीपासून धारवाडपर्यंत त्यांचे विद्यार्थी. दर दिवाळीला गुरुजी दोनशे कार्डं हातानं लिहायचे, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. आणि आलेल्या प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायचे.

"आता ती येणार. त्यांना उत्तर कोण देणार? माझं अक्षर तसलं नाही."

कल्पना मुलाची होती. तो ओसाकाला नोकरीला. जपानात नववर्षाची पोस्टकार्डं पाठवायची मोठी रीत आहे. डिसेंबरात टाकलेली कार्डं पोस्ट खातं राखून ठेवतं आणि १ जानेवारीला सकाळी एकदम घरोघर वाटतं. १९४९ पासून तर त्यांच्यावर लॉटरीचे नंबरही असतात. पण ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, ते घर डिसेंबर लागायच्या सुमारास आधीच एक साधं कार्ड पाठवतं: आम्ही दुखवट्यात आहोत, यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देणार नाही. मग लोकही त्या घराला पाठवत नाहीत. मुलाला शेजाऱ्याकडून असं एक आलं होतं. काकूंनी मोबाइलवर फोटो दाखवला. फिकट राखी फुलं, खाली चार ओळी, लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

आपल्याकडे असं काही नाही असं म्हणणार होतो, तेवढ्यात आजोबांच्या वेळची कोपरा फाडलेली पोस्टकार्डं आठवली. वर श्री नाही, कोपरा फाटका. वाचायच्या आधीच कळायचं, आणि वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. पण ती मरणाची बातमी. सण नसल्याची बातमी पोस्टानं धाडायची पद्धत आपल्याकडे नाही. आपल्याकडे शेजारणी फराळाचं ताट घेऊन येतात, कारण त्या घरात तळण नसतं. काकूंना हे सुचवून पाहिलं.

"फराळ येऊ दे की. फराळाला उत्तर लिहावं लागत नाही."

यावर काय बोलणार? खरं तर छापील ग्रीटिंगचा जन्मच उत्तरांच्या ढिगातून झालाय. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांच्याकडे नाताळच्या पत्रांचा गठ्ठा साचला. प्रत्येकाला हातानं लिहिणं जमेना, म्हणून त्यांनी हॉर्सले नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. वर फक्त नाव घालायला मोकळी जागा. उरलेली कार्डं एका शिलिंगला एक अशी विकली. म्हणजे आमचा हा धंदा लिहायचा कंटाळा करणाऱ्या माणसानं सुरू केला, आणि गुरुजी मात्र दोनशे कार्डं लिहीत बसायचे!

मजकूर ठरवायला दोन तास गेले. कंप्युटरवरचा आमचा पोरगा हुशार, पण हात सवयीचा. त्यानं जुनीच फाइल उघडली, वर ॥ श्री ॥ तसंच. "श्री काढू काय ओ?" काढला. काळी चौकट घालू का, असं मी विचारलं आणि माझं मलाच नको वाटलं. दिवाळी १ नोव्हेंबरच्या आगेमागे येते, आणि त्या दिवशी, कर्नाटक राज्योत्सवाला, इथली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. त्या दिवसांत बेळगावात काळ्या रंगाचा अर्थ वेगळा निघतो. राखी रेघ घेतली. कन्नडमध्ये मी सांगितलं, "ई वर्ष नमगे दीपावळी इल्ल." पोरगा थांबला. "असं लिहिलं तर भांडण झाल्यासारखं वाटतंय की ओ." बरोबर होतं त्याचं. मग घरात दिवाळीचं आचरण नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यानंच जुळवलं. मराठीत मी 'दुःखद निधन' घातलं होतं, काकूंनी ते पेननं खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच:

"गुरुजी आषाढात गेले. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. कार्ड पाठवू नका, पुढच्या वर्षी पाठवा."

काम किरकोळ. एक रंग, मॅट कार्ड, अर्ध्या तासात छपाई. कापून, शंभर-शंभरचे दोन गठ्ठे कागदी पट्टीनं बांधून कटिंग मशीनशेजारी ठेवले. दसऱ्यानंतर नेते म्हणाल्या होत्या.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रेस धुऊनपुसून मशीनला झेंडूचा हार घालतो. मशीन, कटर, कंप्युटर, बिलबुक, जे दिसेल त्याला हळदकुंकू. हे काम माझं. दरवर्षी हात आपोआप फिरतो.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी काकू आल्या. मी गठ्ठे काउंटरवर ठेवले आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. वरच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांना माझ्या बोटाचे ठसे. पिवळ्यावर लाल, ठसठशीत, जसे लग्नपत्रिकेला लावतो तसे. मधे राखी रेघेत गुरुजी गेल्याचं.

"काकू, हे चुकून... पूजेचं..." पुढे शब्द फुटेना. पोरगा कंप्युटरकडे तोंड करून बसला.

त्यांनी ते कार्ड पट्टीतून ओढून काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं. कुंकवाला हात लावला नाही, पुसायलाही सांगितलं नाही. कार्ड काउंटरवर ठेवून माझ्याकडे सरकवलं. "हे राहू दे इथंच."

मी दुसरं छापून देतो म्हणालो, त्यांनी मान हलवली. मग बिल केलं. गडबडीत तपशिलाच्या रकान्यात सवयीनं लिहून गेलो, 'दिवाळी ग्रीटिंग, नग २००'. काकूंनी चष्मा लावून ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, २०० वर काट मारून १९९ केलं आणि पैसे मोजून दिले.