नुकरा घोडी, १ नग

पावतीवर एवढंच होतं: ‘नुकरा घोडी, १ नग, इसार १ लाख.’ नुकरा म्हणजे पांढरी. वय, उंची, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या, मायक्रोचिपचा नंबर, काहीच नाही. अशील पंचवटीतला, वरातीच्या घोड्यांवर पोट असलेला. सारंगखेड्याच्या यात्रेत सौदा साडेतीन लाखांना ठरला. घोडी पंधरा दिवसांत नाशिकला पोचवायची, अडीच लाख तेव्हा. पंधराचे चाळीस दिवस झाले. आधी ‘घोडीचं पोट दुखतंय’, मग ‘टेम्पो नाही’, मग फोन बंद.

अशिलाला पैसे नकोत, तीच घोडी हवी. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ५८ त्यासाठीच आहे, पण माल नेमका कोणता ते ठरलेलं लागतं. ‘१ नग’मधून काय कळणार? डोळे झाकून भोवऱ्या सांगणारी ही माणसं कागदावर मात्र घोडं कांद्याच्या गोणीसारखं लिहितात. नशिबाने सौद्याचा व्हिडिओ होता, गळ्यावरचा देवमण (शुभ मानली जाणारी भोवरी) स्पष्ट दिसत होता. मूळ फोन जपायला सांगितला. व्हिडिओ पुराव्यात यायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते त्याशिवाय देणार कशावर?

दाव्यासोबत घोडी विकायला मनाई मागणारा अर्ज तयार झाला, आणि त्याच आठवड्यात ती दुसऱ्याच्या वरातीत नाचताना दिसली. मालकी आमच्याकडे आली होती असं धरलं, तरी कलम ३० आडवं येतं: आधीचा सौदा माहीत नसताना विक्रेत्याच्या ताब्यातून प्रामाणिकपणे घेणाऱ्याची मालकी टिकते. हा अर्ज विसाव्या दिवशीच दाखल व्हायला हवा होता.

उरलं ते इसार, व्याज आणि कलम ५७ ची भरपाई: पोचवायच्या दिवशीचा बाजारभाव वजा साडेतीन लाख. त्यासाठी तशाच घोड्यांच्या विक्रीपावत्या आणि एखाद्या व्यापाऱ्याची साक्ष हवी. साक्षीला कोणी येत नाही, सगळ्यांना पुढच्या यात्रेत तोंड दाखवायचं असतं. वरातीच्या बुडालेल्या सुपाऱ्यांचे पैसे मागता येतात, कारण ‘माघातल्या तारखा घेतल्यात’ हे अशिलाने विक्रेत्याला सौद्याआधीच व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं होतं.

पोलिसांचं ठरलेलं उत्तर, ‘दिवाणी बाब आहे.’ इथे ते फारसं चुकीचंही नाही. फसवणुकीला सुरुवातीपासूनची लबाडी दाखवावी लागते. ग्राहक आयोग नाशिकमध्येच, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. पण व्यापारासाठी घेणारा तिथे ग्राहक ठरत नाही, आणि चार घोडी आणि तीन पगारी माणसं म्हणजे स्वतःची उपजीविका की व्यापार? तिथे तक्रार फेटाळली गेली तर वर्ष जाईल, म्हणून दिवाणी कोर्ट धरलं. मुदत ३ वर्षं, आणि घोडी नाशिकला पोचवायची होती म्हणून दावा इथेच.

अशील अजून तो वरातीचा व्हिडिओ पाठवतो. ‘साहेब, देवमण तोच ना?’

तोच आहे.