आजींचं वाक्य आजोबांच्या नावावर

मुलाखत ऐकून मी लिहून काढलेली फाइल तपासून आली, तर चिखलीच्या आजींचं वाक्य उचलून आजोबांच्या नावावर टाकलेलं. शेजारी शेरा : 'क्रियापद पुल्लिंगी, वक्ता बदलला.'

वाक्य हे : "मी पाण्यात उतरलो, म्हसरांची दावी कापली इळ्यानं, मग माळ्यावर चढलो." २०१९ चा पूर. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, त्या साली पाणी ५५ च्याही वर गेलेलं. आजोबा लेकीकडं मलकापूरला अडकलेले. हेही त्याच फाइलीत पुढं आहे, पण तिथवर वाचायला कुणाला सवड!

दुपारभर नुसती धुसफुसत बसले. पैसे मिनिटावर, आणि एकेका मिनिटासाठी हेडफोन लावून मागं-पुढं मागं-पुढं. सॉफ्टवेअर आवाजावरून गट पाडतं : वक्ता १, वक्ता २. त्यातलं कोण कोण, ते आपण ठरवायचं. दोघं एकदम बोलायला लागले की त्याचीही भंबेरी उडते. पण आजींचा आवाज त्यानं आजींकडंच ठेवला होता! बदल केला माणसानं, तोही न ऐकता. बरं, फाइल तपासणाऱ्या पुण्याच्या ताईंना तरी काय बोलणार? इकडं बायका 'आलो', 'जातो' म्हणतात हे त्यांना कुठून माहीत असणार? मी स्वतः आईला 'येतो गं' म्हणून बाहेर पडते आणि ताईंना फोनवर 'पाठवते' म्हणते. असं का, ते... जाऊ दे.

राग नेमका कशाचा, तेच कळेना. नाव काय, परत बदलता येतं. पण म्हशी सोडवल्या आजींनी, आणि उद्या कुणी फाइल उघडली की छातीभर पाण्यात आजोबा उभे. आजोबांची ना नसेल म्हणा. "काय गं, किती म्हसरं हुती तवा?" असं मुलाखतीत दर वाक्याला बायकोला विचारणारा माणूस, आणि दावी म्हणे ह्यानं कापली! इथं मात्र मला एकटीलाच हसू फुटलं.

नाव परत फिरवलं. टीप टाकली : 'कोल्हापूरकडं बायका स्वतःबद्दल असंही बोलतात. आवाज ऐकावा.' मग 'ऐकावा'च्या आधी 'कृपया' घातलं. बिल त्यांच्याच हातात आहे.

आता एक 'व्हय की' तेवढं राहिलंय. ते दोघं एकदमच म्हणालेत. दोघांच्याही नावावर टाकलंय, हरकत आली तर बघू.