बूट, चपला आणि रोम

लग्नाच्या स्वागत समारंभात नवरीच्या पायांकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहायचे असते ते शालूकडे, दागिन्यांकडे आणि फार तर मेंदीकडे. गेल्या महिन्यात एका कार्यालयात भर दुपारी भेटीच्या रांगेत बराच वेळ ताटकळावे लागल्यामुळे माझी नजर तिकडे गेली. फोटो, नमस्कार, पुन्हा फोटो असे सत्र अखंड चालू असताना, चेहऱ्यावरचे हसू जराही ढळू न देता, नवरीने निऱ्यांच्या आड उजवा पाय उंच टाचेच्या सँडलमधून हळूच बाहेर काढला आणि दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासला. मला एकदम ऑड्री हेपबर्न आठवली.

तिचा ‘रोमन हॉलिडे’ हा चित्रपट १९५३ साली आला, त्यात ती राजकन्या झाली आहे. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी त्यात राजकन्या अ‍ॅनची खरी ओळख करून दिली आहे ती तिच्या पायाने. रोममधल्या दूतावासातल्या त्या समारंभात पाहुण्यांची नावे एकामागून एक पुकारली जात असतात, त्यांत एक महाराजही असतात, आणि राजकन्या प्रत्येकाशी ठरलेले दोन शब्द बोलत असते. इकडे घेरदार झग्याच्या आत तिचा पाय बुटातून बाहेर पडलेला असतो. बूट आडवा होतो, तिचा पाय त्याला चाचपडत राहतो, आणि शेवटी ती आसनावर बसते तेव्हा तो बूट सर्वांदेखत झग्याच्या पुढे एकटाच उभा राहतो. आजूबाजूच्या बुजुर्गांच्या चेहऱ्यावर तेवढ्यात उमटणारी घबराट पाहण्यासारखी आहे. जणू राज्यच गेले.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो मावशीबरोबर, मॅटिनीला. मावशीला इंग्रजी फारसे कळत नसे आणि त्याचे तिला मुळीच वाईट वाटत नसे. थिएटरात शिरल्यावर पहिले काम म्हणजे चपला काढून खुर्चीवर मांडी घालणे. जुन्या थिएटरांची जमीन उतरती असायची, हे ती दर वेळी विसरायची. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा तिची एक चप्पल पायाशी होती आणि दुसरी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, न वाकता, पायानेच मागे सरकवून दिली. मावशीने त्यांचे आभार मानले नाहीत. पायाने दिलेल्या वस्तूबद्दल आभार कसले, असे तिचे म्हणणे होते.

लोक या चित्रपटाला प्रेमकथा म्हणतात, आणि ती आहेच. पण मला तो पाय मोकळे करण्याविषयीचा चित्रपट वाटत आला आहे. आदल्या रात्री पलंगावर बसून राजकन्येला दूध आणि बिस्किटे घ्यावी लागतात, अंगभर झगा घालून झोपावे लागते आणि उद्याचा कार्यक्रम मिनिटामिनिटाने ऐकावा लागतो. पळून गेल्यावर ती जे करते त्यात प्रेम फार उशिरा येते. वार्ताहर जो ब्रॅडली, म्हणजे ग्रेगरी पेक, तिला हजार लिरा देतो. एवढी रक्कम तुम्हाला परवडेल का, असे ती काळजीने विचारते, तेव्हा ते जेमतेम दीड डॉलर असल्याचे तिला कळते. त्या दीड डॉलरच्या संपत्तीतून ती आधी बाजारात साध्या सपाट चपला घेते, मग न्हाव्याकडे जाऊन, तो बिचारा पुन्हा पुन्हा खात्री करून घेत असताना, लांबसडक केस कापून टाकते आणि मग स्पॅनिश पायऱ्यांवर आइस्क्रीम खाते. पाय, मान, जीभ, असा हा क्रम आहे. तो पटकथेत मुद्दाम योजला असेल वा नसेल, मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

वायलर यांनी चित्रण रोममध्येच केले, आणि चित्रपट कृष्णधवल असूनही त्यातले ऊन अंगाला लागते. पांढऱ्या भिंती, व्हेस्पा स्कूटरच्या मागे धावणारे रस्ते, जो ब्रॅडली राहतो ती व्हिया मारगुट्टा ५१ ची चिंचोळी जागा, सारे उन्हात न्हालेले आहे. त्या उन्हात कोणीच खरे बोलत नाही, हे मात्र पुष्कळ उशिरा माझ्या ध्यानात आले. ती आपले नाव लपवते, तो आपला व्यवसाय लपवतो, आणि त्याचा मित्र सिगारेट लायटरमध्ये कॅमेरा लपवतो. सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चच्या ओसरीतल्या त्या दगडी तोंडापुढे, खोटे बोलणाऱ्याचा हात ते खाते म्हणतात, तिथे दोघेही आपापले खोटे सांभाळत उभे असतात. पेक हात बाहीत लपवून तुटल्याचे सोंग करतो आणि हेपबर्न किंचाळते.

या कथेच्या लेखकाचे नावही पडद्यावर नव्हते. डाल्टन ट्रंबो हे हॉलिवूडच्या काळ्या यादीतले, म्हणजे साम्यवादी असल्याच्या संशयावरून ज्यांना काम नाकारले जाई त्यांच्यातले. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, समितीला उत्तरे नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले. नाव लागले ते त्यांचे मित्र इयन मॅक्लेलन हंटर यांचे, आणि कथेचे ऑस्करही त्यांच्याच नावावर गेले. ट्रंबो १९७६ साली वारले. अकादमीने ते ऑस्कर त्यांच्या नावे दिले १९९३ साली, त्यांच्या पत्नीच्या हाती. राजकन्येला निनावी राहण्याची चैन एका दिवसापुरती मिळाली. तिला घडवणाऱ्याला, निदान या चित्रपटापुरती, ती सक्तीने आणि मरेपर्यंत मिळाली.

मावशीला यातले काही ठाऊक नव्हते. तिची अडचण निराळीच होती. शेवटाकडे, नदीत भिजून जोच्या खोलीवर आल्यावर, राजकन्या विचारते की मी काही रांधू का. तो सांगतो, इथे स्वयंपाकघरच नाही, मी नेहमी बाहेर जेवतो. मला रांधता येते, शिवता येते, कपड्यांना इस्त्री करता येते, फक्त कोणासाठी करायची संधी मिळाली नाही, असे ती म्हणते. आणि स्वयंपाकघर असलेली जागा आता शोधावी लागणार, असे तो म्हणतो. माझ्या मते यापेक्षा हळवे प्रेमाचे बोलणे या चित्रपटात दुसरे नाही.

हा संवाद मी मावशीला तिथेच, अंधारात, कानाशी लागून मराठीत सांगितला. घरी परतताना रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “स्वयंपाकघर नसलेलं घर, रोज बाहेरचं जेवण, आणि तरी ही बया परत गेली?” तिला समजावण्यासाठी मी राज्य, कर्तव्य वगैरे सांगू लागले, पण तेवढ्यात तिने रिक्षा मंडईपाशी थांबवली, कारण रात्रीची भाजी घ्यायची राहिली होती.